धुक्याला दिवा दाखवताना

माझी मारुती ८०० ही १९९८ सालची. माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी थोरली, आणि घरात तिचा मान त्याच्याहून कणभर जास्तच, कारण ती उलट बोलत नाही. बंद पडते तेव्हाही गपचूप पडते. पंधरा वर्षं झाली तेव्हा तिला पुन्हा पासिंगला नेली, आता दर पाच वर्षांनी नेतो. आरटीओतला माणूस आधी गाडीकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि फिटनेस नेमका कुणाचा तपासायचा अशा विचारात पडतो. तशी तिला मोठी दुखणी नाहीत. मागच्या डाव्या दाराची काच खाली आपण होऊन जाते, वर मात्र दोन्ही हातांनी धरून आणावी लागते. ब्लोअरनं २००९ साली मौन घेतलंय ते अजून सोडलेलं नाही. पेट्रोलचा काटा मनाला येईल ते सांगतो. एवढं सोडलं तर गाडी ठणठणीत.

मागच्या वर्षी जुलैत मेहुणा आणि त्याची बायको इचलकरंजीहून आले. पावसाळ्यात कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला गगनबावडा दाखवला नाही तर पाहुणचार पुरा होत नाही. पंचावन्न किलोमीटर. बालिंग्याच्या पुलापर्यंत नुसतं ढग, कळ्यात रिमझिम, साळवणच्या पुढं धो धो. आम्ही चौघं गाडीत, पावसामुळं चारी काचा बंद. मेहुण्याच्या बायकोच्या मांडीवर गरम कांदाभज्यांचा पुडा आणि तोंडात भाचीच्या लग्नाची, यादीपासून वरातीपर्यंतची, सविस्तर हकिकत. गगनबावडा चार किलोमीटरवर आलं आणि समोरचं जग पुसलं गेलं. रस्ता नाही, झाडं नाहीत, बोनेटच्या पुढं नुसतं दूध.

मी हेडलाइट लावले. दूध आणखी पांढरं झालं.

पहिल्या गिअरमध्ये, मान पुढं काढून, नाक काचेला टेकवून मी गाडी रेटत होतो. शेवटी मेहुणा खाली उतरला आणि मोबाइलची बॅटरी दाखवत गाडीपुढं चालू लागला. शंभर पावलांवर थांबून, माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “दाजी, बाहेरनं तर बरं दिसतंय की!”

हा टोमणा माझ्या मोतीबिंदूला होता हे मी ओळखलं. मी गप्प बसलो. तेवढ्यात डाव्या अंगानं एक शेळी आली, आमच्याकडं न बघता पुढं गेली आणि दिसेनाशी झाली. आयुष्यात मला ट्रकनं ओव्हरटेक केलंय, एसटीनं केलंय, एकदा बैलगाडीनंही केलंय. पण शेळीनं हे पहिल्यांदाच.

“फॉग लाइट न्हाईत होय तुमच्या गाडीला?” मेहुणा आत बसताना म्हणाला. त्याच्या नव्या गाडीला ते कंपनीतूनच आलेत. त्या ‘होय’मध्ये त्यानं जे काही भरलं होतं, ते माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही.

वर्ष सरलं. रोहिणी नक्षत्र लागलं तसा मी वायरमनकडं गेलो. आमच्या भागात मोटारींच्या वायरिंगचं काम करणारा हा एकच माणूस. सदैव कुणाच्या तरी डॅशबोर्डखाली उताणा पडलेला असतो, त्यामुळं मी त्याला चेहऱ्यापेक्षा पायांवरून जास्त ओळखतो.

“लाइट तुमी आणा. बसवायचं सहाशे,” पाय म्हणाले.

“सहाशे? दोन वायरी तर जोडायच्या!”

“मग जोडा की सायेब तुमीच.” यात राग नव्हता. अशी माणसं शेवटी कुठं येतात हे त्या पायांना ठाऊक होतं.

सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन वायरी जोडता येणार नाहीत, हे मला मान्य नव्हतं. दुकानात गेलो. दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, “पिवळा का पांढरा?” आणि मी उत्तर शोधायला घरी परतलो.

ही चूक होती. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीसाठी बैठक बोलावली तर तीन माणसं येतात. पण पार्किंगमध्ये एक माणूस बोनेट उघडून उभा राहिला की अकरा जमतात. कुणी म्हणालं पिवळाच, पिवळा उजेड धुकं चिरत जातो. कुणी म्हणालं पांढरा, आता जमाना पांढऱ्याचा आहे. तिसऱ्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात, ते खाली आले. त्यांनी सांगितलं की धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, तेव्हा पिवळा काय आणि पांढरा काय, विखुरणार सगळे सारखेच. पिवळ्यानं फार तर डोळ्यांवरची तिरीप कमी होते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट लावायची सक्ती होती, ती शेवटी गेलीच ना? आणि खरी गोष्ट रंगाची नाहीच, जागेची आहे. हेडलाइट आपल्या डोळ्यांच्या रेषेजवळ असतो, त्याचा उजेड थेंबांवर आपटून सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो. फॉग लाइट खाली, बंपरशी लावायचा. त्याचा झोत रुंद, चपटा, वरून कापलेला. तो खालून रस्त्यावर पसरतो.

हे सगळं ऐकून सर्वांनी माना डोलावल्या आणि एकमतानं पिवळा ठरवला.

कडेला आमचे तळमजल्यावरचे शेजारी उभे होते. एसटीत चालक होते, करूळ घाटात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, “आमी काचेला तंबाखू चोळायचो.” सगळे हसले. बायकोनं माझी तंबाखू मोठ्या मुश्किलीनं सोडवलीय, त्यामुळं ती हसली नाही. तो विषय तिथंच संपला.

एक जोडी पिवळे दिवे १,२०० रुपये. दुकानदारानं बल्ब दाखवले, ५५ वॉटचे हॅलोजन, आणि बजावलं की काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की बल्ब तिथं जास्त तापतो आणि लवकर जातो. मी बोट लावलं नाही. घरी येऊन खिशातल्या रुमालानं स्वच्छ पुसले. त्या रुमालानं मी सकाळी केसांचं खोबरेल पुसलं होतं, हे पहिला बल्ब गेल्यावर आठवलं.

८०० च्या साध्या मॉडेलच्या बंपरला फॉग लाइटची जागा नसते. म्हणजे पट्ट्या करून घ्यायला हव्यात. उद्यमनगरात जाऊन एका लेथवाल्याला चहाच्या बिलाच्या मागं काढलेलं चित्र दाखवलं. उद्यमनगरात तुम्ही इंजिनाचा सुटा भाग मागा, उसाच्या चरकाचा दात मागा, कुणी डोळ्याची पापणी लववत नाही. माझ्या चित्राकडं मात्र त्यानं बराच वेळ पाहिलं. “ही गाय हाय का?” त्यानं विचारलं. पट्ट्या मात्र सुरेख करून दिल्या. वाकड्या बसल्या त्या माझ्या ड्रिलमुळं. डावा दिवा उजव्यापेक्षा सव्वा इंच वर गेला. समोरून पाहिलं की गाडी कुणाला तरी डोळा मारतेय असं वाटायचं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन दिवस पार्किंगमधून जायचा रस्ता बदलला होता. भोकं पुन्हा पाडली. आता त्या बंपरला इतकी भोकं आहेत की पावसाळ्यानंतर त्यात झेंडू लावता येईल.

मग वायर. बोनेटमधून वायर गाडीच्या आत आणायची तर मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून ओवून काढावी लागते. मी डॅशबोर्डखाली उताणा झालो. पाय दाराबाहेर, मान ब्रेकच्या पेडलखाली, टॉर्च दातांत. चष्मा कपाळावरून घसरून क्लचमागं गेला. सायकलची तार घालून पाहिली, उदबत्तीची काडी घालून पाहिली. वायर बोनेटमध्ये गोळा होऊन बसायची, आत यायची नाही. पाऊण तासानं बायको चहा घेऊन आली. माझ्या पायांशी बोलली.

“काय अडलंय?”

“वायर भोकातून येत नाही.”

तिनं पदराची सेफ्टी पिन काढली, वायरच्या टोकाला अडकवली आणि परकरात नाडी ओवावी तशी दोन चिमटींत ती आत सरकवून दिली. चहा निवायच्या आत. मग म्हणाली, “एवढंच होतं होय?” भावाबहिणीचा हा ‘होय’ एकाच साच्यातला आहे.

दुकानदारानं दिव्यांबरोबर एक काळी डबी गळ्यात मारली होती, रिले म्हणून. मी ती बाजूला ठेवली. दिव्याला वायर, वायरला स्विच, स्विचला बॅटरी, इतकी सरळ गोष्ट असताना मधे डबी कशाला? हा दुकानदारांचा धंदा असतो. स्विच दाबला, दिवे लागले, पार्किंग पिवळंधमक झालं, अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी दुधाची पिशवी गॅसच्या शेगडीला चिकटल्यासारखा वास आला. स्विच बोटाला चिकटला. बोट सोडवून घेतलं तर स्विचचं बटण बोटाबरोबर आलं.

प्राध्यापक खाली आले. दोन दिवे, ५५ आणि ५५, एकशे दहा वॉट. भागिले बारा व्होल्ट. नऊ अँपिअरच्या वर करंट त्या टिचभर स्विचमधून गेला होता. रिले हा एक शिपाई असतो, हे मला तेव्हा समजलं. साहेबानं टेबल स्वतः उचलायचं नसतं. साहेबानं बेल वाजवायची, शिपायानं टेबल उचलायचं. स्विच फक्त इवलासा करंट पाठवतो, आतली गुंडाळी ‘टक्’ करते आणि जाड वायरीतला खरा करंट बॅटरीतून थेट दिव्यांकडं जातो. मधे १५ अँपिअरचा निळा फ्यूज. इतकी वर्षं कचेरीत घालवून मला हे सुचू नये याची लाज वाटली.

रिलेच्या बुडाला पाय असतात आणि प्रत्येक पायाला नंबर. ३०, ८५, ८६, ८७. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशी साम्य दिसलं, तीस गणितातले. ३० ला बॅटरी, ८५ आणि ८६ म्हणजे शिपायाची बेल, ८७ ला दिवे. पण माझ्या रिलेला मधोमध पाचवा पाय होता. त्यावरही ८७ च, आणि पुढं बारीकसं इंग्रजी ‘ए’, जे चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा अजून क्लचमागं होता.

मी दिवे त्या पाचव्या पायाला जोडले. हा पाय उलट्या स्वभावाचा निघाला. बेल वाजत नसली की काम करतो, वाजली की थांबतो. स्विच बंद केला तर दिवे लागले, चालू केला तर विझले.

“उलटं चालतंय तर उलटं लक्षात ठेवा,” बायको म्हणाली. या घराचा कारभार गेली तीस वर्षं याच तत्त्वावर चाललाय. मी सकाळी बघू म्हणून रात्री स्विच चालू स्थितीत ठेवला, म्हणजे दिवे बंद, आणि झोपायला गेलो. साडेअकराला आमचा रखवालदार फेरी मारायला आला. भला माणूस, कुणाच्या गाडीत काही चालू राहिलं की बंद करतो. त्यानं हात घालून स्विच बंद केला. दिवे लागले. तो घाबरला आणि निघून गेला.

मारुतीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. नऊनं भागा. पहाटे साडेतीनच्या आतच गाडी डोळे मिटून पडली असणार. सकाळी किल्ली फिरवली तर ‘टिक्’ एवढाच आवाज, तोही माझ्या समाधानासाठी. मग धक्का. धक्का मारायला पाच जण आणि सल्ला द्यायला सहा, हा हिशेब आमच्या इमारतीत कधी चुकत नाही. “सेकंडमध्ये टाका!” “क्लच सोडा!” “आता नाही, आता!” गाडी रंकाळ्याच्या दिशेनं उतारावर सुरू झाली तेव्हा पाच जण मागं रस्त्यावर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि सहा जण त्यांना, कुठं चुकलं ते सांगत होते.

पाय बदलला, दिवे सरळ झाले. आता झोत जमवायचा. पुस्तकी पद्धत अशी की गाडी पंचवीस फुटांवर भिंतीसमोर उभी करायची आणि झोताची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली ठेवायची. आमच्याकडं पंचवीस फुटांवर भिंत नाही, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची बेडरूम आहे. रात्री पावणेदहाला त्यांच्या खिडकीत पिवळाधमक सूर्य उगवला. खिडकी उघडली. खिडकीतून एकही शब्द आला नाही, फक्त पडदा ओढला गेला, आणि त्या ओढण्यात सगळं आलं.

झालं म्हणायचं, तर एक निराळंच सुरू झालं. फॉग लाइट लावले की दोन्ही बाजूंचे इंडिकेटर मंद मंद तेवायचे. लुकलुकायचे नाहीत, नुसते तेवायचे, देवघरातल्या समईसारखे. मी डावा इंडिकेटर दिला की सगळी मंडळी एकदम फडफडायची. समोरच्याला मी डावीकडं वळतोय, उजवीकडं वळतोय की दोन्हीकडं वळतोय, हे कळायला मार्ग नव्हता. मलाही नव्हता.

शेवटी वायरमन. यावेळी पाय नव्हते, सबंध माणूस होता. चहा पीत बसला होता. त्यानं बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि चहाचा पेला खाली ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग शेजारच्या पोराला हाक मारली, “ए, हिकडं ये. बघून ठेव.”

“काय झालं?” मी विचारलं.

“अर्थिंग कुठनं घेतलायसा?”

“हे काय, बॉडीला बोल्ट मारलाय.”

“रंग खरवडलायसा का?”

नव्हता खरवडला. रंग म्हणजे वीज न जाणारी गोधडीच. बोल्ट गोधडीवर बसला होता. दिव्यांतला करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या वायरीतून, दुसऱ्याच्या घरातून वाट काढावी तसा, खाली जात होता. वायरमननं पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट पुन्हा आवळला, वर ग्रीसचं बोट लावलं. इंडिकेटर विझले. तीन मिनिटं लागली.

“किती?”

“आठशे.”

“तेव्हा तर सहाशे म्हणालात!”

“तवा नुसतं बसवायचं हुतं सायेब. आता तुमचं काढून मग बसवायचं.”

दिवे, पट्ट्या, नवा स्विच, वायर, बॅटरी चार्जिंग, खोबरेलवाल्या बल्बच्या जागी नवा बल्ब आणि हे आठशे. एकूण ३,४०० रुपये. बायकोला मी दोन हजार सांगितले. तिला खरा आकडा माहीत होता, मला ती माहीत असल्याचं माहीत होतं, आणि विषय सन्मानानं मिटला.

आता धुकं हवं होतं. जुलै उजाडला. मी रोज पहाटे गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं बघू लागलो. आणि मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं. दिवे नुसते लावून भागत नाही, ते बघायला माणूस लागतो.

तोच रस्ता, तीच चौघं. पाऊस धो धो, चारी काचा बंद. मांडीवर भजी. भाचीला आता मुलगी झाली होती, त्याची हकिकत बारशापर्यंत आली. आणि गगनबावडा चार किलोमीटरवर असताना, अगदी ठरवल्यासारखं, जग पुसलं गेलं.

मी बोलणं थांबवायला हात वर केला. सगळे गप्प झाले. स्विच दाबला. बोनेटखाली शिपायानं ‘टक्’ केलं.

दुधाची बासुंदी झाली.

“अहो,” जरा वेळानं बायको हळूच म्हणाली, “आधी पांढरं दिसत नव्हतं, आता पिवळं दिसत नाही.”

“थांब, डोळ्यांना सवय व्हावी लागते.”

पहिल्या गिअरमध्ये, नाक काचेला लावून, बासुंदीतून गाडी रेटत राहिलो. उजवीकडून एक एसटी भोंगा वाजवत सुसाट निघून गेली. तिच्या ड्रायव्हरला काय दिसत होतं देव जाणे. मेहुणा काही बोलत नव्हता, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. कसाबसा गावाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीशी आलो. टपरी असावी असा वास आला म्हणून थांबलो.

पोरगा चहाचे चार पेले घेऊन आला. मी दार उघडलं. त्यानं आत डोकं घातलं, माझ्याकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं.

“काका, काच आतनं पुसा की. वाफ धरलीया.”

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि काचेवरून एकदा, आडवं, ओढलं. त्या पट्ट्यात समोरचं जग लख्ख उमटलं. टपरीचं निळं प्लॅस्टिक, मैलाचा दगड, ओला रस्ता, पलीकडं फणसाची झाडं, त्यांच्या शेंड्यांना अडकलेलं हलकंसं धुकं, आणि रस्त्याच्या मधोमध उभी एक शेळी. तीच असेल असं नाही. पण ती माझ्याकडं ओळखीनं बघत होती.

मेहुण्यानं एक भजं तोंडात टाकलं आणि ते फार सावकाश खाल्लं. बायकोनं पोराला फडक्याचे दहा रुपये दिले, फडकं घडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं आणि चहा घेतला.

परतताना पाऊस थांबला होता. कळ्याच्या पुढं तर चांदणं पडलं होतं. मी फॉग लाइट चालूच ठेवले. समोरून येणारी प्रत्येक गाडी डिपर मारत होती.

“दाजी, बंद करा म्हणतायत,” मेहुणा म्हणाला.

“म्हणू देत.”

बायकोनं ग्लोव्ह बॉक्स उघडला, हात लांब करून माझ्यासमोरची काच पुसली आणि फडकं परत आत ठेवलं.